शिरोरेषेच्या भरवशावर

वायरकटवर काम केलेल्या माणसाला स्क्रोल सॉ समजावून सांगावा लागत नाही. जॉबमध्ये आधी भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची, दोन्ही टोकांना ताण द्यायचा आणि आखलेल्या रेषेवरून फिरत परत सुरुवातीला यायचं. मधला तुकडा सुटून खाली पडतो, त्याला टूलरूममध्ये स्लग म्हणतात. स्क्रोल सॉमध्ये तारेच्या जागी दात्यांचं बारीक पातं येतं आणि पोलादाच्या जागी लाकूड. बाकी क्रम तोच. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये माझी बहुतेक नोकरी वायरकटवर गेली. कडक केलेल्या डी-टू पोलादाचे पंच आणि डाय, पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार, आणि ड्रॉइंगवर पाच-दहा मायक्रॉनचं बंधन. निवृत्ती जवळ आली तसा घरी सोळा इंची स्क्रोल सॉ आणला. सौभाग्यवती म्हणाल्या, "जन्मभर तेच केलंत, आता घरीही तेच का?"

तेच नव्हतं, पण हे त्यांना सांगायला मला वेळ लागला. वायरकटवर माणूस कापत नाही. प्रोग्रॅम टाकला, तार ओवली, पाणी सोडलं, की मशीन ठिणग्या उडवत आपल्या गतीने जातं. ऑपरेटर नजर ठेवतो, मध्येच तार तुटली तर परत ओवतो आणि शिफ्टच्या वहीत वेळ लिहितो. आकार कसा असावा, कुठे किती जाड ठेवावा हे डिझाइनवाल्यांनी आधीच ठरवलेलं असतं. पंच नाजूक निघून पहिल्याच हजार ठोक्यांत मोडला, तर दोष त्यांच्या माथी. स्क्रोल सॉ घेतल्यावर डिझाइनवाला मी, ऑपरेटर मी, आणि मोडलं तर बोलणीही मलाच. त्यातून जी एक गोष्ट शिकलो ती अशी, की चित्र कसं दिसतंय हे बघण्याआधी त्यातला कुठला भाग कशाला धरून आहे हे बघायचं. हे शिकवलं प्रामुख्याने देवनागरीने. ते पुढे येईलच.

आधी यंत्राविषयी थोडं. ठेवण बरीचशी शिवणयंत्रासारखी: वरून आलेला हात, खाली सपाट टेबल, काम दाबून धरणारा छोटा पाय, आणि मधोमध वर-खाली होणारं पातं. पातं जागच्या जागी असतं, लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. सोळा इंची म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत सोळा इंच मोकळे. ठोके मिनिटाला साधारण चारशेपासून सोळाशेपर्यंत, बटण फिरवून कमी-जास्त करता येतात. पातं पाच इंच लांब. काही पात्यांच्या टोकांना आडवी पिन असते, ती अडकवायला सोपी. पण पिन जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं, म्हणून बारीक कामाला बिनपिनेचीच पाती घ्यावी लागतात. चिमट्यात धरून ताण देतात. ताण बरोबर आहे की नाही हे मी अजूनही बोटाने छेडून ऐकतो. सैल पातं बदबदतं, नीट ताणलेलं टणटणतं. पातं तुटलं तर 'टक्' एवढाच आवाज होतो. इतर करवतींच्या मानाने हे यंत्र फारच सोशिक आहे. म्हणून आमच्या सोसायटीतली पोरं बघायला आली तर मी त्यांना हाकलत नाही, फक्त चष्मा घालायला लावतो.

पात्यांना नंबर असतात. नंबर वाढला की पातं मोठं. शून्याच्या खाली गेलं की शून्यं वाढतात, म्हणजे दोन शून्य हे एका शून्याहून बारीक. पाच नंबरचं पातं जेमतेम मिलिमीटरभर रुंद, त्याच्यावर माझं निम्मं काम निघतं. आपल्याकडे ही पाती मिळवणं हा एक स्वतंत्र छंद आहे. बोहरी आळीत विचारलं तर दुकानदार हातातल्या जिगसॉचं पातं पुढे करतो आणि आपण नको म्हटल्यावर आपल्याकडेच संशयाने बघतो. बारीक नंबर मला शेवटी सराफ बाजाराच्या बोळात सापडले. सोनार पत्रा कापायला जी चौकटीची करवत वापरतात तिची पाती याच घराण्यातली, नंबरही त्याच पद्धतीचे. त्यांचे दाते धातूसाठी असल्याने जाड लाकडात भुशाने भरतात आणि जळका वास सुटतो, पण व्हिनियर कापायला झकास. दोन शून्याच्या पात्याला मायक्रोमीटर लावला तर जाडी पाव मिलिमीटर भरली. म्हणजे माझी जुनी तारच.

फरक असा, की तार गोल असते आणि तिला बाजू नसते. पात्याला असते. दाते पाडताना पात्याच्या एका अंगाला अतिसूक्ष्म बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहतो आणि तेवढं ते अंग जास्त कापतं. त्यामुळे लाकूड सरळ ढकललं की रेषा एका बाजूला ओढते. नव्या माणसाला वाटतं यंत्र वाकडं आहे. यंत्र सरळच असतं. लाकूड थोडं तिरपं धरून ढकललं की काप सरळ जातो. हा तिरपेपणा प्रत्येक पाकिटाला थोडा वेगळा. हात तो दोन-चार वळणांत ओळखतो आणि मग डोक्याला कळवतही नाही.

रेषेबद्दलची माझी कल्पनाही इथे बदलली. कारखान्यात रेषा म्हणजे हुकूम. लाकडावर चिकटवलेल्या कागदावरची रेषा ही सूचना असते. पातं अर्धा मिलिमीटर बाहेर गेलं तर घाबरून झटक्याने परत आणायचं नाही, पुढच्या इंचभरात हळूच मिळवून घ्यायचं. कागद सोलून काढल्यावर रेषा कुठे होती हे जगात कोणाला माहीत नसतं; डोळ्याला खटकतो तो झटका, फरक नव्हे. कडेला मायक्रॉन मोजणाऱ्या क्वालिटीवाल्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही बिघडलात."

आता अक्षरं. आपल्याकडे स्क्रोल सॉ आहे हे कळलं की लोक पहिल्यांदा मागतात ती नावाची पाटी. दारावरची, लेकीच्या खोलीवरची, रिक्षाच्या काचेमागची. परदेशी पुस्तकांतले नमुने बघितले तर इंग्रजी नावं कापताना त्यांची केवढी तारांबळ: प्रत्येक अक्षर सुटं, म्हणून खाली पट्टी द्या, नाहीतर लफ्फेदार वळणाने एकाला दुसरं जोडा. आपल्याला आडवा तुळईसारखा आधार आयताच मिळालेला आहे. शिरोरेषा. अख्खं नाव तिच्यावर टांगलेलं, कापून हातात उचललं तर एकसंध येतं. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत जात. मीही ड्रॉइंग काढताना तसंच करतो. रेघ आधी, जरा जाडच.

पण तुळईवर सगळे सारख्या बळाने टांगलेले नाहीत. क, प, म, व, स ही उभ्या कान्याची मंडळी भक्कम. काना खांबासारखा खाली उतरतो आणि उकार लावला तरी पेलतो. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना काना नाही. ही सगळी एका आखूड मानेवर लोंबकळतात. छापलेल्या पुस्तकात ही मान बारीक असली तर सुंदर दिसते; प्लायमध्ये ती बारीक ठेवली तर पुसताना फडक्यात अडकून तुटते. मी स्वतःपुरता नियम केला आहे: मान प्लायच्या जाडीपेक्षा कमी रुंद ठेवायची नाही. सहा मिलिमीटरचा प्लाय तर मानही निदान सहा. या नियमाची सगळ्यात मोठी परीक्षा घेतो विठ्ठल. हे नाव मागणारे पुष्कळ, आणि जुन्या वळणात ठ खाली ठ असा जोड. वरच्या ठ ची मान दोघांचा भार घेते, शिवाय दोन्ही पोटांना आतून भोकं. मी वरची मान दुप्पट करतो आणि खालचा ठ किंचित लहान काढतो. कोणाच्या लक्षात येत नाही. एका वारकरी आजींच्या आलं, त्या म्हणाल्या, "खालचा ल्हानगा हाय, बरा दिसतोय."

आणि मग भ आणि ध. शाळेत बाई सांगायच्या, यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण ओढायची नाही, नाहीतर भ चा म होईल, ध चा घ होईल. वहीत हा नुसता शुद्धलेखनाचा मुद्दा होता. लाकडात तिथे तुळईच तुटते. माधव कापलं की 'मा' एका हातात आणि 'धव' दुसऱ्या हातात. वैभव, शोभा, प्रभाकर, मेधा, सगळ्यांची तीच गत. पण खरा कस बघायचा तर शुभांगी घ्यावी. भ मुळे 'शु' वेगळा पडतो. अनुस्वार हवेत, त्याला कशाचाच आधार नाही. ग चा डावा पाय शिरोरेषेवरून एकटा खाली लोंबतो, कान्याला कुठे चिकटतच नाही. आणि दीर्घ वेलांटीच्या कमानीत अडकलेली पोकळी, तिच्यासाठी वर स्वतंत्र भोक पाडून पातं सोडवायचं, ओवायचं, परत ताणायचं. या एका नावावर मी इतका वेळ घालवला आहे की आता ते माझ्याकडे तयार आहे. 'शु' थोडा जवळ घेतो, म्हणजे भ चा डावा वळसा श च्या कान्याला मध्यावर टेकतो. तिथे जोड मिळतो आणि रेघेतली फट तशीच राहते, भ चा म होत नाही. ग चा पाय खाली जरा जाड करून वर निमुळता न करता तसाच नेतो. अनुस्वाराला शिरोरेषेवरच बसवतो, अर्धा तिच्यात रुतलेला. पाटीला मागे फळी असेल तर मात्र अनुस्वार कापतच नाही. गोल डोक्याचा पितळी खिळा ठोकतो. तो दारावर चकाकतो आणि बघणाऱ्याला वाटतं की मुद्दाम केलेली नक्षी आहे.

फॉण्टचा एक त्रास सांगून ठेवतो. संगणकावरून अक्षर घेतलं की बऱ्याचदा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असं स्पष्ट आहे, आणि माझ्या वयाच्या माणसाला दुसरं वळण आपल्या दारावर बघवतही नाही. ते दोन मी हाताने काढतो.

सागात पाटी करून द्या, असा आग्रह पुष्कळांचा. साग मलाही प्रिय, पण त्याच्या दोन गोष्टी. एक म्हणजे त्याच्या पोटात सिलिका असते, वाळूचाच प्रकार, त्यामुळे पात्याचे दाते बघता बघता बोथट होतात. दुसरी जास्त अडचणीची. लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने बळकट आणि आडवं कमजोर. शिरोरेषा बळकट हवी म्हणून रेषा आडव्या ठेवल्या तर सगळे काने आडव्या लाकडात येतात आणि बिस्किटासारखे तुटतात. कान्यांसाठी रेषा उभ्या ठेवल्या तर तुळईच जाते. देवनागरीला दोन्ही दिशा हव्यात. प्लायमध्ये थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, म्हणून तो तिला मानवतो. मग मी मध्यम मार्ग काढतो: आत प्लाय, वर सागाचं व्हिनियर. "म्हणजे सागच की!" असं म्हणून माणूस खूश होऊन जातो. अख्ख्या लाकडात मी करतो ती पानं, फुलं, मोर, कोयऱ्या. त्यासाठी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून शिवण, हळदू, फणस यांचे तुकडे आणतो. हळदू आणि फणस मुळात पिवळे, शिवण फिकट, साग तपकिरी, शिसव काळपट. रंगाचा डबा उघडायला लागत नाही.

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचा बाजार बदलला. पुठ्ठ्याची आली, कापडाची आली, आणि एमडीएफची लेझरने कापलेली आली. ती बघून मित्र मला विचारतात, की लेझर पाच मिनिटांत कापतो ते तुम्ही दोन दिवस का कापता? प्रश्न रास्त आहे. लेझरला पातं ओवावं लागत नाही, म्हणून हजार भोकांची जाळी त्याला सारखीच. काठ जळून काळे होतात एवढंच. मला त्याचा राग नाही. जन्मभर मी प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचंच खाल्लं आहे. फक्त बाजारातल्या लेझरच्या पाट्या निरखून बघा. जवळजवळ सगळ्यांच्या मागे ॲक्रिलिक किंवा एमडीएफची सलग फळी असते आणि अक्षरं तिच्यावर चिकटवलेली. तिथे माधवचे दोन तुकडे झाले तरी फरक पडत नाही, अनुस्वार हवेत असला तरी डिंक आहे. अक्षराला स्वतःच्या पायावर उभं राहायची गरजच उरत नाही, आणि मग ते काढणाराही तसा विचार करत नाही. गणपतीच्या आराशीत मला जी मजा येते ती मागून दिवा लावल्यावर. फळी नाही, नुसता प्रकाश, आणि सगळी नक्षी एकमेकींना धरून.

हात आधीच थोडा वळलेला होता हेही सांगायला हवं. कोठारी आयोगानंतर शाळांत कार्यानुभव नावाचा तास आला होता. आमच्या शाळेत त्या तासाला फ्रेटवर्क असे. यू आकाराची चौकट, तिच्यात पातं, बाकाला पकडीने आवळलेली मध्ये खाच असलेली फळी. सर खाचेवर प्लाय धरायला शिकवत आणि म्हणत, करवत उभी ठेव, पोरा, वळायचं ते लाकडाने. इंग्लंडमध्ये नॉरफकमधल्या डेरेहॅमच्या हॉबीज या कंपनीने १८९५ पासून याच कामाचं साप्ताहिक चालवलं होतं, अंकाबरोबर फ्रेटवर्कचे नमुने असत आणि पायाने चालवायची यंत्रंही ती विकत असे. आमच्या सरांकडचे पिवळे पडलेले नमुने कुठून आले होते ते त्या वयात कोण विचारतो. घड्याळाची कमान, पत्रं ठेवायचा कप्पा, आणि घरात कुठेही टांगता न येणारा एक किल्ला.

स्लगबद्दलचं माझं मत फ्रान्सच्या एका माणसामुळे बदललं. कारखान्यात स्लग म्हणजे भंगार, शिफ्ट संपताना गोळा करून टाकायचा. आंद्रे-शार्ल बूल, जन्म १६४२, चौदाव्या लुईचा कारागीर. तो पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ पापुद्रा एकमेकांवर ठेवून एकाच वेळी कापायचा. मग पितळेचा आकार कासवाच्या पोकळीत, आणि कासवाचा आकार पितळेच्या पोकळीत. एका कापात दोन कपाटं, एक उलटं, एक सुलटं, काही वाया नाही. आपल्या म्हैसूरचे कारागीर शिसवात वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जडवून हत्ती, झाडं, घाट काढतात, तेही नात्यातलंच काम. मी दोन व्हिनियर टेपने एकत्र बांधतो आणि टेबल दोन-तीन अंश तिरपं करतो. तिरप्या कापामुळे एका थरातला तुकडा दुसऱ्याच्या पोकळीत जरा खोल जाऊन घट्ट बसतो. पात्याने खाल्लेली जागा भरून निघते. अंश किती हे जाडीवर आणि पात्यावर ठरतं. टाकाऊ लाकडावर आधी बघून घ्यायचं. बसला की नखानेही फट सापडत नाही, आणि हे मायक्रॉनवाला म्हणून मी शपथेवर सांगतो.

पावसाळ्यात हे सगळं थांबतं. चिंचवडच्या हवेत श्रावणात प्लाय पापडासारखा वाकतो, चिकटवलेला कागद सुटतो, टेबलावर रात्रीत गंज. टेबलाला मेण लावून ठेवायचं आणि पाती तेलाच्या कागदात गुंडाळायची. इतर आठ महिने त्रास भुशाचा. स्क्रोल सॉचा भुसा करवतीच्या भुशासारखा नसतो. पिठासारखा, हवेत तरंगणारा, दिवसभर बाल्कनीच्या ग्रिलवर बसलेला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे, आणि एमडीएफच्या भुशात फॉर्माल्डिहाइडची राळ वेगळी. चांगला मास्क लावल्याशिवाय मी बटण दाबत नाही. छंद म्हटलं की लोक ही बाब हसण्यावारी नेतात. तेल लावलेलं फडकं मात्र त्याहून दुर्लक्षित. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चुरगळून कोपऱ्यात टाकलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून दोरीवर वाळत घाला, मग टाका.

सध्या माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी आहे महाराष्ट्राच्या नकाशाच्या कोड्याला. कल्पना माझी नाही. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला. आज आपण जिला जिगसॉ पझल म्हणतो तिची सुरुवात तिथली. त्यात खुंट्या-खाचा नव्हत्या, नुसत्या सीमा. मीही खुंट्या घालत नाही. दोन फूट लांब फळी, सहा मिलिमीटर प्लाय, बारीक पातं.

दोन फुटी फळी सोळा इंची यंत्रात फिरवता येत नाही, मागच्या खांबाला आपटते. म्हणून पहिला काप असा घ्यावा लागतो की राज्याचे दोन तुकडे व्हावेत. सगळ्यात सोयीची रेघ बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळच्या पश्चिमेची. म्हणजे विदर्भ वेगळा केल्याशिवाय माझं काम सुरूच होत नाही. आमच्या इमारतीतल्या नागपूरच्या वहिनींनी हे ऐकून पेढे आणतो म्हटलं.

बोटांना भूगोल असा कळतो, जसा शाळेत कळला नव्हता. यवतमाळ आणि नांदेडमध्ये पैनगंगा आहे, तिथे पातं सारखं वळवळतं. नीरा पुण्याला साताऱ्यापासून वेगळं करते, गोदावरी अहिल्यानगरला छत्रपती संभाजीनगरपासून. नदीची सीमा कापायला जिकिरीची, पण तिथले तुकडे खुंटीशिवायही एकमेकांत अडकून बसतात. सह्याद्रीची सीमा दाट दातेरी. आणि जिथे सीमा नुसत्या कागदावर आखलेल्या आहेत तिथले तुकडे घसरतात. मुंबई शहर तर या मापात तांदळाएवढं येतं, लहान मूल गिळेल. म्हणून शहर आणि उपनगर मी एकत्र ठेवतो. जिल्हे छत्तीस, तुकडे पस्तीस, आणि दर वेळी कोणीतरी मोजून तक्रार करतं. मधला खांब म्हणजे अहिल्यानगर. राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, सात जिल्ह्यांना चिकटलेला. तो तुकडा काढला की आजूबाजूचे सगळे हलायला लागतात. मुलं बरोबर तोच आधी काढतात.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर निघालं. कोडं घ्यायला आलेल्या एका शिक्षकांनी मला विचारलं, "काका, अजून एखाद्या जिल्ह्याचं विभाजन झालं तर? मागण्या तर चालूच आहेत." मी म्हटलं, तो तुकडा घेऊन या, कापून देतो, पैसे नको. भोकही पाडावं लागणार नाही, कडेवरूनच पातं आत जाईल. फक्त सीमा कुठून जाते ती पेन्सिलीने तुम्ही आखून आणा. ती मी ठरवणार नाही.